मैदान मुलांसोबत आखायचं म्हणजे नेमकं काय करायचं

एका शाळेकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या आवारात सुधारणा करायला टप्प्याटप्प्याने निधी मिळणार आहे. मुलांचा सहभाग असावा म्हणून सगळ्या वर्गांना एकच प्रश्न विचारला गेला: ‘मैदानात तुम्हाला काय हवं?’ शेकडो चिठ्ठ्या आल्या. त्यांत पोहण्याचा तलाव आहे, तीन मजली घसरगुंडी आहे, हिरवळीचं फुटबॉल मैदान आहे. यातलं बहुतेक काही शक्य नाही. आता मुलांना नाही कसं म्हणायचं, की सहभागाचा नाद सोडून आराखडा थेट वास्तुविशारदाकडे द्यायचा?

सोडू नका, आणि त्या चिठ्ठ्याही टाकून देऊ नका. मी बरीच वर्षं शाळांच्या आवारांचे आराखडे मुलांसोबत करतो आहे. ‘काय हवं?’ या प्रश्नाला जवळपास प्रत्येक ठिकाणी असंच उत्तर येतं. माणूस पाहिलेल्या वस्तूचं नाव सांगतो, मोठी माणसंही तेच करतात. वस्तूच्या नावाखाली एक गरज दडलेली असते. तलाव मागणाऱ्या चिठ्ठ्या ज्या वर्गातून जास्त आल्या, त्या वर्गाची मधली सुट्टी भर दुपारी असते का, ते बघा. तीन मजली घसरगुंडीत ‘उंचावर जायचंय, थोडी भीती अनुभवायचीय’ ही मागणी असते, आणि ती मातीच्या टेकाडानेही भागू शकते. म्हणून मी मुलांना काय हवंय हे फार उशिरा विचारतो. आधी मैदानात रोज काय घडतं, हे त्यांच्याकडूनच शोधून घेतो. ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाही माहीत नसतं.

पण त्याहीआधी मोठ्यांचं एक काम आहे, आणि ते टाळलं की पुढचं सगळं बिघडतं. मुख्याध्यापक, शाळा समिती आणि आवाराची देखभाल पाहणारी माणसं यांनी एकत्र बसून कागदाचे तीन भाग करायचे. पहिल्या भागात, जे बदलणारच नाही ते: अग्निशामक गाडीचा रस्ता, जमिनीखालच्या पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या, टाकीचं झाकण, एकूण रक्कम. दुसऱ्या भागात, जे मुलांसोबत ठरवायचं ते. तिसऱ्यात, जे पूर्णपणे मुलांनीच ठरवायचं आणि मोठ्यांनी फिरवायचं नाही ते. तिसरा भाग छोटा असला तरी चालेल, रिकामा असू नये. हा कागद पहिल्याच दिवशी मुलांसमोर मांडा. मुलं मर्यादा समजून घेतात. निर्णय आपला आहे असं सांगून नंतर मागच्या दाराने तो बदलला, तर ते विसरत नाहीत.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. प्रौढ नागरिकांच्या सहभागासाठी अशीच शिडी शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडली होती, त्यावरून. हार्ट यांच्या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना आपल्या हेतूसाठी वापरणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. तुमची चिठ्ठ्यांची फेरी इथे थांबली, तर ती तिसऱ्या पायरीवर थांबेल. वरची पायरी नेहमीच श्रेष्ठ असं मात्र समजू नका. निचऱ्याच्या पाइपचा व्यास मुलांनी ठरवण्यात काही अर्थ नाही. तो का लागतो, कुठून कुठे जातो, त्यामुळे कोणत्या जागी झाड लावता येत नाही, हे त्यांना कळलं की पुरे. मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १२ ने दिला आहे, आणि खेळाचा व विश्रांतीचा हक्क कलम ३१ ने. शाळेचं मैदान हे या दोन्ही कलमांचं घर आहे, असं मी मानतो.

आता शोधाचा भाग. घाई करू नका, सहा ते आठ आठवडे द्या.

आधी नकाशा. मोजपट्टी, सुतळी आणि आलेखाचा कागद घेऊन मोठ्या वर्गांतल्या मुलांनीच आवार मोजायचं. भिंती, दारं, नळ, झाडं, पायऱ्या, गटार, सगळं. गणिताच्या तासाला हे सहज बसतं, पण मला त्याचं मोल वेगळंच वाटतं. ज्या मुलाने स्वतः एक कोपरा मोजला आहे, ते मूल पुढे बैठकीत त्या कोपऱ्याबद्दल आत्मविश्वासाने बोलतं. हा नकाशा पुढच्या सगळ्या कामाचा पाया, म्हणून त्याच्या भरपूर प्रती काढून ठेवा.

मग मधल्या सुट्टीचा नकाशा. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत बोलका कागद हाच. मुलांच्या जोड्या ठरलेल्या जागी उभ्या राहतात आणि दर पाच मिनिटांनी आपल्या भागात कोण कुठे आहे ते नकाशावर ठिपक्यांनी दाखवतात. धावणारे, बसलेले, उभे राहून बोलणारे आणि एकटे असलेले, यांना वेगवेगळे रंग. नावं लिहायची नाहीत. वेगवेगळ्या हवामानात असे चार-पाच दिवस निवडा. सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले की मैदान बोलायला लागतं. बहुतेक शाळांत एकच चित्र दिसतं: मधली मोठी जागा चेंडूच्या खेळाने व्यापलेली, तिथे थोडी मुलं, बहुतेक मोठे मुलगे, आणि उरलेल्या सगळ्यांचे ठिपके भिंतीच्या कडेने चिकटलेले. हे शिक्षकांनी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. मुलांनी स्वतः टाकलेले ठिपके पाहून ते शांतपणे मान्य करतात. चेंडू खेळणारेही करतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एका शाळेत स्वच्छतागृहामागची अरुंद पट्टी ‘कचऱ्याची जागा’ म्हणून बंद करायचं मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं. ठिपक्यांत दिसलं की तिथे रोज दहाबारा मुलं असतात, एकेकटी किंवा दोघं दोघं. विचारल्यावर कळलं, तिथे चेंडू येत नाही आणि आवाज कमी असतो. त्यांना आवारात दुसरी शांत जागाच नव्हती. ती पट्टी बंद करण्याऐवजी साफ केली, दोन बाक टाकले, आणि लांबून शिक्षकांना दिसेल इतपत भिंत उतरवली. शाळेचा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त वापरला गेलेला बदल तोच ठरला.

सावलीचा नकाशा खडूने काढता येतो. सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना सावलीच्या कडेवर खडूची रेघ मारायची, बाजूला वेळ लिहायची. एका दिवसात कळतं की बाक चुकीच्या बाजूला आहेत. सूर्याची वाट ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे काही महिन्यांनी हे पुन्हा करा.

पाण्यासाठी पाऊस पडत असताना छत्र्या घेऊन बाहेर पडा. पागोळ्या कुठे पडतात, पन्हळीचं पाणी कुठे जातं, डबकं कुठे साचतं आणि ते आटायला किती दिवस लागतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे ५०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटरची एक सर आली की १०,००० लिटर पाणी पडलं, त्यातलं थोडं वाया गेलं असं धरा. हे गणित मुलांनी स्वतः केलं की त्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न आपोआप उभा राहतो. माती कशी आहे ते बघायला काचेची बरणी पुरते. एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवायचं आणि एक-दोन दिवस स्थिर ठेवायचं. वाळू लगेच खाली बसते, गाळ नंतर, चिकणमाती सर्वांत शेवटी. शिवाय हातभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा, आणि दुसऱ्या वेळी पाणी जिरायला किती वेळ लागतो ते मोजा. पायांनी घट्ट झालेल्या मैदानात ते तासन्‌तास तसंच राहतं. तिथे माती सैल न करता झाड लावलं तर ते जगणार नाही.

शेवटचा नकाशा भावनांचा. आवडती जागा, कंटाळवाणी जागा, भीती वाटणारी जागा. हा नकाशा सगळ्यांसमोर भरून घेऊ नका. प्रत्येक मुलाला छोटी प्रत द्या, नाव नको, घडी करून पेटीत टाकू द्या. यातून कधीकधी गंभीर गोष्टी बाहेर येतात, म्हणजे एखाद्या जिन्याखाली लहान मुलांना अडवलं जातं वगैरे. तसं आलं तर काय करायचं, कोणाशी बोलायचं, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. मैदानाचा आराखडा होईपर्यंत त्या मुलाने वाट पाहायची नसते.

या सगळ्यात कोणती मुलं घ्यायची, हाही प्रश्न येईलच. वर्गप्रतिनिधींची समिती सोपी पडते, आणि नेमकी तीच मुलं बोलतात जी एरवीही बोलतात. समिती असू द्या, पण शोधाचं काम सगळ्या वर्गांत वाटा. सर्वांत लहान वर्गांना लेखी काही देऊ नका. त्यांच्यासोबत चाला, त्यांना वाट दाखवू द्या. त्यांच्या हातात कॅमेरा दिला तर फोटो त्यांच्या उंचीवरून येतात: नळ किती वर आहे, खिडकीतून काहीच दिसत नाही, कुंपणाच्या तळाशी मुंग्यांचं वारूळ आहे. चाकांच्या खुर्चीतलं मूल, कमी दिसणारं मूल, गोंगाट सहन न होणारं मूल यांच्यासोबत वेगळी फेरी काढा, आणि तीही त्यांच्या मर्जीने. रोज झाडलोट करणाऱ्या आणि फाटकावर उभ्या असणाऱ्या माणसांशी मुलांना मुलाखतीसारखं बोलू द्या. कोणता कोपरा झाडायला अवघड, पाणी कुठून झिरपतं, सुट्टीत कोण आत येतं, हे त्यांनाच माहीत असतं.

शोध पूर्ण झाल्यावर ‘काय हवं’ हा प्रश्न योग्य वेळी येतो, तोही वस्तूच्या नावाने नको. मी मुलांना वाक्य असं पूर्ण करायला सांगतो: ‘आम्हाला अशी जागा हवी, जिथे आम्ही...’ जिथे आम्ही लपू शकू. जिथे सहाजण तोंडाला तोंड करून बसू शकू. जिथे चेंडू लागणार नाही. जिथे काहीतरी उकरता येईल. आता जुन्या चिठ्ठ्या बाहेर काढा आणि मुलांनाच त्या या वाक्यांखाली लावायला द्या. तलावाच्या चिठ्ठ्या बहुधा ‘जिथे थंड वाटेल’ आणि ‘जिथे पाण्याशी खेळता येईल’ या दोन वाक्यांखाली वाटल्या जातील. सावली आणि हातपंपाला जोडलेला उथळ पाट हे दोन्ही करता येण्यासारखं आहे.

आराखडे कागदावर काढून घेण्यापेक्षा प्रतिकृती बनवून घ्या. १:५० हे प्रमाण मुलांना झेपतं, दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. पुठ्ठा, काड्या, शाडू, आणि त्याच प्रमाणातली छोटी माणसं. माणसं आवश्यकच, नाहीतर बाक घराएवढे होतात.

आणि त्यानंतर माझी सर्वांत आवडती पायरी, जी बहुतेक शाळा गाळतात: आराखडा प्रत्यक्ष मैदानावर, खऱ्या मापात, आठ-पंधरा दिवस जगून बघणं. फक्कीने रेषा आखा, सुतळी बांधा, खोके, जुने टायर, ओंडके, कापड वापरा. नवी पायवाट जिथे ठरली तिथे मुलं चालतात की तिरकी वाट काढतात? शांत कोपऱ्यात चेंडू येतोच का? एका ठिकाणी वर्तुळाकार कट्ट्याचा आराखडा सगळ्यांना इतका आवडला होता की कामाची तारीखही ठरली होती. ओंडके मांडून पाहिल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं की शाळा सुटताना सगळी गर्दी बरोबर त्यातूनच जाते. ओंडके सरकवायला दहा मिनिटं लागली. पक्कं बांधकाम झालं असतं तर ते वर्षानुवर्षं तसंच आडवं आलं असतं.

या चाचणीत आणखी एक गोष्ट हमखास घडते. तात्पुरत्या म्हणून आणलेल्या सामानाशीच मुलं तासन्‌तास खेळतात. डेन्मार्कमधले आराखडाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांना हेच जाणवलं होतं, की सजवलेल्या क्रीडांगणापेक्षा मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात. त्यांच्या कल्पनेवरून कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे १९४३ मध्ये मोडक्यातोडक्या सामानाचं क्रीडांगण उभं राहिलं. पुढे १९७१ मध्ये शिल्पकार सायमन निकोल्सन यांनी त्यामागचं तत्त्व मांडलं: जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या गोष्टी जितक्या जास्त, तितका कल्पकतेला वाव जास्त. त्यामुळे सगळा पैसा जमिनीत रोवलेल्या खेळण्यांवर घालू नका. थोडा भाग सुट्या सामानासाठी आणि ते ठेवायच्या खोलीसाठी राखा.

निवडीच्या वेळी थेट मतदान घेऊ नका, असा माझा आग्रह आहे. मतदानात बहुमताचा खेळ जिंकतो, आणि मधल्या सुट्टीच्या नकाशात कडेला ढकललेली मुलं पुन्हा कडेलाच राहतात. त्याऐवजी निकष आधी ठरवा: किती वेगवेगळ्या गटांना उपयोगी, उन्हात आणि पावसात वापरता येईल का, देखभाल कोण करणार, रकमेत बसतं का. मुलांनी प्रत्येक कल्पनेला निकषांवर गुण द्यावेत आणि मग चर्चा करावी. खर्चाचे खरे आकडे त्यांच्यासमोर ठेवा. एका मोठ्या खेळण्याच्या रकमेत किती झाडं, किती बाक आणि किती माती येते हे कळल्यावर बारा वर्षांची मुलं फार जबाबदारीने निवडतात.

सुरक्षिततेच्या बाबी मोठ्यांच्या, पण त्या मुलांपासून लपवायच्या नाहीत. डोकं अडकण्याची भीती साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटींत असते. त्याहून लहान फटीत धड जात नाही, मोठ्या फटीतून डोकंही सुटतं. मुलं एवढ्या मापाच्या लाकडी ठोकळ्यांनी सगळं आवार तपासू शकतात आणि ते काम मन लावून करतात. युरोपातल्या मानकांत क्रीडासाहित्यावरून पडण्याची उंची जास्तीत जास्त ३ मीटर धरली आहे. दोन मीटरपर्यंतच्या उंचीखाली वाळू किंवा लाकडाच्या ढलप्या असतील तर पायांनी पसरणारा भाग धरून ३० सेंटिमीटरचा थर ठेवा, आणि तो नियमित मोजा. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. जुन्या रंगवलेल्या इमारतीच्या कडेला किंवा जुन्या भरावावर भाजी लावणार असाल तर माती शिशासाठी तपासून घ्या, ही गोष्ट फार ठिकाणी राहून जाते.

डांबर किंवा काँक्रीट असेल तर ते थोडं तरी उखडण्याचा विचार नक्की करा. ऊन शोषून ते तापतं आणि पाणी जिरू देत नाही. पॅरिसने ‘ओअॅसिस’ या नावाने शाळांची डांबरी अंगणं अशीच बदलायला घेतली, आणि तिथेही मुलांना आखणीत घेतलं. त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका शाळेत रॉबिन मूर यांनी मुलं, शिक्षक आणि पालक यांच्यासोबत डांबराचा मोठा तुकडा काढून तिथे तळी आणि झाडी उभी केली. ते काम एका उन्हाळ्यात झालेलं नव्हतं, वर्षानुवर्षं चालू होतं.

आता वेळेबद्दल. मोठ्यांना दोन वर्षं थोडी वाटतात. दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तो आयुष्याचा पाचवा हिस्सा आहे. म्हणून शोध सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत काहीतरी डोळ्यांना दिसेल असं बदललंच पाहिजे. सावलीत हलवलेले बाक, जमिनीवर रंगवलेले खेळ, नळाची उंची. छोटं असलं तरी ते मुलांच्या नकाशातून आलेलं असावं, आणि तिथे तसं लिहिलेलंही असावं. मोठं काम मागून येऊ द्या.

प्रत्यक्ष कामात मुलांनी लावणी करावी, आळी करावीत, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन पसरावं, जमिनीवरचे खेळ रंगवावेत. यंत्रं, वीज, खोल खोदकाम, काँक्रीट यांपासून त्यांना दूर ठेवा. झाड लावताना खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण त्याहून खोल नको. खोडाचा बुंधा मातीत गाडू नका, आणि आच्छादन खोडाला टेकू देऊ नका. मुलांना हे एकदा नीट दाखवलं की ती मोठ्यांच्या चुका दुरुस्त करतात.

एका शाळेत आम्ही समारंभ करून एकाच दिवशी पुष्कळ रोपं लावली. लांब सुट्टीनंतर निम्म्याहून अधिक वाळली होती. पाणी कोण घालणार हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते लिहून घेणं माझं काम होतं. ज्या मुलीने एका रोपाला नाव दिलं होतं, ती त्या काडीजवळ बराच वेळ उभी होती. तेव्हापासून सुट्टीतल्या पाण्याची नावानिशी यादी हातात आल्याशिवाय मी लावणीची तारीख देत नाही. पहिली दोन-तीन वर्षं तरी झाडांना ही सोबत लागते. म्हणून थोडी लावा, आणि दरवर्षी लावा. प्रत्येक नव्या वर्गालाही लावायला काहीतरी राहतं.

काम झाल्यावर मधल्या सुट्टीचा नकाशा पुन्हा काढा, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने. ठिपके कडेवरून आत आले का? एकट्या रंगाचे कमी झाले का? जे फसलं तेही फळ्यावर लावा. ज्या कल्पना नाकारल्या त्यांच्यापुढे एका ओळीत कारण लिहा. ‘पाण्याची वाहिनी खालून जाते’ हे उत्तर मुलाला पुरतं, गप्प राहणं पुरत नाही.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात करायचं ते एवढंच: चिठ्ठ्या वाचल्या आहेत, त्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांचं पुढे काय होणार आहे, हे प्रत्येक वर्गात जाऊन सांगा. नकाशाचा पहिला दिवस जाहीर करा. आणि पहिला ठिपक्यांचा नकाशा शेवटच्या वर्गातल्या मुलांना काढायला द्या. नवं मैदान तयार होईल तेव्हा ती शाळेत नसतील. त्या कागदावर तारीख टाका, त्यांच्या सह्या घ्या आणि तो नीट सांभाळून ठेवा. नंतरची मुलं जो नकाशा काढतील, तो याच्याच शेजारी लावायचा आहे.